धागा: आटपाडीहून पूर्व लडाखमध्ये (न्योमा) दोन वर्षांसाठी बिऱ्हाड हलवायचंय, तयारी कशी करावी?

माणगंगा
नमस्कार मंडळी. कामानिमित्त दोन वर्षं न्योमा भागात राहायचं ठरलंय. माणसं तीन: आम्ही दोघं आणि ७ वर्षांची मुलगी. एप्रिलअखेर निघू. गावाची उंची ४,१८० मीटर, चीनकडची नियंत्रण रेषा जवळच. घर भाड्यानं आपलं आपणच बघायचं आहे. डिझेल गाडी (एमएच-१०) न्यावी म्हणतोय. वीज बेभरवशाची, म्हणून थोडं सोलरही. फिरायला जाणाऱ्यांची माहिती भरपूर मिळते, पण बारा महिने राहायचं तर काय लागतं ते कुठं सापडेना. जाणकारांनी सांगावं.

अपशिंगे_सुभेदार
पहिली गोष्ट चढण्याची. फौजेत याचा ठरलेला क्रम आहे: ९ ते १२ हजार फुटांवर ६ दिवस, १२ ते १५ हजारांवर ४ दिवस, त्यापुढं आणखी ४. लेह साडेतीन हजार मीटरवर, म्हणजे पहिल्या टप्प्यात. न्योमा पावणेचौदा हजार फूट, म्हणजे दुसऱ्या टप्प्यात. पुणे-दिल्ली-लेह असं विमानानं गेलात की पाच-सहा तासांत लोहगावच्या हवेतून लेहच्या हवेत जाता, शरीराला काही कळायच्या आत.

लेहला पूर्ण आठवडा धरा. पहिले दोन दिवस घरातच. जिने सावकाश चढायचे, सामान उचलायचं नाही, डोक्यावरून अंघोळ नको. तिसऱ्या दिवसापासून सपाट रस्त्यानं चालणं, पाचव्या-सहाव्या दिवशी थोडी चढण. मगच पुढं. न्योमात पोचल्यावर पुन्हा चार दिवस सामान लावायला घ्यायचं नाही. पेट्या बांधलेल्या राहू द्या.

वाळव्याची_डॉक्टर
सुभेदारकाकांना दुजोरा. ताई, त्यात औषधांची भर घालते. निघण्याआधी तिघांची तपासणी करून घ्या: हिमोग्लोबिन, रक्तदाब, छातीचा फोटो, मुलीचा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला. मोठ्यांसाठी असिटाझोलामाइड (विरळ हवेचा त्रास टाळायची गोळी) १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवशी सुरू. मुलांचा डोस वजनावर ठरतो, तो अंदाजानं देऊ नका. सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर ही गोळी घेण्याआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं. बोटांना मुंग्या येतात, लघवीला जास्त होते. घाबरू नका, ते औषधाचंच काम.

साधी डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं हे पहिल्या दोन-तीन दिवसांत होतं. धोका ओळखायचा तो असा: बसल्या जागी धाप, कोरडा खोकला वाढत जाऊन फेसाळ किंवा गुलाबी बेडका, ओठ निळसर, म्हणजे फुप्फुसात पाणी. चालताना झोक जातोय, बोलणं विसंगत होतंय, म्हणजे मेंदूला सूज. रेषेवर टाचेला बोट लावून दहा पावलं चालायला सांगा. जमलं नाही तर रात्र असली तरी गाडी काढायची. यावर खरा उपाय ऑक्सिजन आणि खाली उतरणं. गोळी देऊन सकाळची वाट बघत बसू नये.

बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घ्या. लेहला नवीन माणसाचं ८५ ते ९० दिसणं नेहमीचं आहे, न्योमात त्याहून कमी. बोट गार असेल तर यंत्र खोटं सांगतं, आधी हात चोळून ऊबदार करा. एका आकड्यावर जाऊ नका, रोज त्याच वेळी मोजा आणि फरक बघा.

कृष्णाकाठ
न्योमा आणि लडाखमधलंच नुब्रा खोरं यांत एक फरक आहे, तो घर ठरवण्याआधी समजून घ्या. नुब्रातलं मुख्य गाव दिस्कित ३,१०० मीटरच्या आसपास आहे, राहायला सोपं. पण आजारी माणसाला तिथून लेहला आणायचं तर आधी खारदुंग ला ही खिंड, म्हणजे ५,३०० मीटरच्या वर चढावं लागतं. न्योमा स्वतः उंच आहे, पण रस्ता माहे, चुमाथांग, उपशी असा सिंधूच्या काठानं खाली उतरत येतो, मध्ये खिंड नाही. सुमारे १८० किलोमीटर. म्हणून न्योमात गाडी कायम निघायच्या तयारीत हवी: अर्ध्याहून जास्त टाकी, दोन ब्लँकेट, ऑक्सिजनचा सिलेंडर.

माणगंगा
खूप उपयोगी. मुलीच्या वजनाप्रमाणे डोस लिहून घेते. घराचं काय बघायचं? एप्रिल-मेमध्ये बघणार म्हणजे थंडी ओसरलेली असेल.

माती_आणि_माळ
नेमकी तिथंच चूक होते. मे महिन्यात सगळी घरं चांगली दिसतात. घर बघायचं ते डिसेंबरच्या डोळ्यांनी. घरमालकाला पहिला प्रश्न हाच: थंडीत घरावर ऊन किती वाजता येतं आणि किती वाजता जातं?

हिशोब सांगतो, म्हणजे मालकाच्या शब्दावर विसंबायला नको. २१-२२ डिसेंबरला सांगलीत दुपारचा सूर्य क्षितिजापासून जवळपास ५० अंशांवर असतो. न्योमात तो ३३ अंशच चढतो. दक्षिणेला तोंड करून हात सरळ पुढं धरा आणि मूठ आवळा. एक मूठ म्हणजे साधारण १० अंश. क्षितिजापासून मुठीवर मूठ ठेवत जा. समोरचा डोंगर तीन मुठींच्या वर असेल तर त्या घरावर डिसेंबरात नीट ऊन येणारच नाही. आग्नेय आणि नैर्ऋत्येला तर दोन मुठींचा डोंगरसुद्धा सकाळ-संध्याकाळचं ऊन खातो. एवढी एक परीक्षा केली तर सरपणाचा बराच खर्च वाचतो.

बाकी असं बघा:

घर पूर्व-पश्चिम लांब, मोठ्या खिडक्या दक्षिणेला. उत्तरेला कोठार किंवा गोठा असेल तर उत्तम, तो भाग पांघरुणाचं काम करतो. भिंत मातीच्या विटेची, दीड फूट जाड. नव्या सिमेंट ब्लॉकच्या खोल्या दिसायला नीटस, पण चार वाजता ऊन गेलं की तासाभरात बर्फासारख्या. माती दिवसभर ऊब साठवते आणि रात्री सोडते. छत पॉपलरच्या वाशांचं, वर विलोच्या काटक्या, पेंढा आणि माती. त्या मातीच्या थरात कुठं भेग आहे का ते वर चढून बघाच, मालक नको म्हणाला तरी.

दक्षिणेच्या भिंतीला बाहेरून लाकडी चौकट ठोकून जाड प्लास्टिक ताणायची तिकडं पद्धत आहे. ऑक्टोबरात लावायचं, एप्रिलमध्ये काढायचं. दहा वाजता आतला दरवाजा उघडा, गरम हवा खोलीत येते. साडेतीनला बंद. उघडा राहिला तर तीच जागा रात्रभर ऊब बाहेर खेचते.

थंडीत सगळं घर वापरायचा हट्ट धरू नका. लडाखी कुटुंबं नोव्हेंबर ते मार्च एकाच खोलीत राहतात, स्वयंपाक, जेवण, झोप सगळं तिथंच. तुम्हीही १२ बाय १४ ची एकच खोली नीट सांधून घ्या.

अपशिंगे_सुभेदार
बुखारीचं सांगतो, हे मनावर घ्या. बुखारी म्हणजे पत्र्याची शेगडी, वरून धुराडं छतातून बाहेर. धुराडं सरळ वर, छताच्या वर किमान तीन फूट, टोकाला टोपी. खोलीत आडवं जास्त फिरवलं की धूर थंड होतो, ओढ कमी होते आणि वायू खोलीत परततो. खिडकी बोटभर उघडी ठेवायची, कितीही थंडी असली तरी. झोपायच्या आधी बुखारी विझवायची. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवायचीच नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म दोन घ्या, एक पलंगाच्या उंचीवर.

रॉकेलची बुखारी असेल तर गरम असताना तेल ओतायचं नाही. आगी तशाच लागतात.

वाळव्याची_डॉक्टर
यात एक फसगत आहे. कार्बन मोनॉक्साइडची लक्षणं आणि विरळ हवेची लक्षणं सारखीच: डोकं दुखणं, मळमळ, गळून जाणं. "उंचीमुळं होतंय" म्हणून माणसं पांघरूण घेऊन त्याच खोलीत झोपतात. घरातल्या सगळ्यांचं एकाच वेळी डोकं दुखायला लागलं आणि बाहेर गेल्यावर बरं वाटलं, तर तो बुखारीचा वायू. दार-खिडक्या उघडा, सगळे बाहेर या. ऑक्सिमीटर इथं उपयोगाचं नाही, कार्बन मोनॉक्साइड असतानाही ते चांगला आकडा दाखवतं.

येरळा
पाण्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. आपण माण-आटपाडीची माणसं, दुष्काळ आपल्याला शिकवायला नको असं वाटतं. लेहला वर्षाला १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आटपाडीत त्याच्या कितीतरी पट. पण तिथलं पाणी पावसाचं नाही, वितळणाऱ्या बर्फाचं आहे. त्यामुळं वेळापत्रक उलटं: एप्रिल-मेमध्ये पेरणीच्या वेळी ओढ्याला पाणी कमी, जून-जुलैत भरपूर, तेही दुपारनंतर वाढतं. लडाखचे अभियंते सोनम वांगचुक यांचे बर्फाचे स्तूप (थंडीत पाणी गोठवून रचलेले उंच ढीग) याच एप्रिल-मेच्या टंचाईसाठी. गावागावात पाणी वाटणारा 'छुरपोन' असतो, आपल्या पाटकऱ्यासारखा. तुमची पाळी नसताना बागेला नळी लावलीत तर गाव दुखावेल.

घरात: उघडे नळ नोव्हेंबरपासून बंद. पाइपात राहिलेलं पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि पाइप फोडतं, फुटलेलं मात्र मार्चमध्ये वितळल्यावर कळतं. ऑक्टोबरअखेर सगळ्या लाइन रिकाम्या करा, सगळ्यात खालचा नळ उघडा ठेवा. छतावरची टाकी तिथं कामाची नाही. स्वयंपाकाच्या खोलीत, बुखारीपासून चार हातांवर २०० लिटरचा ड्रम ठेवा, पाऊणच भरायचा. तीन माणसांना पिणं-स्वयंपाक-भांडी मिळून दिवसाला ४० लिटरमध्ये भागवायची सवय आत्तापासून लावा.

संडास लडाखी कोरडा असेल तर बदलू नका. वरच्या खोलीत मातीच्या जमिनीला भोक, खाली बंद खोली. प्रत्येक वेळी वरून फावडंभर माती-राख. पाणी आत जाऊ द्यायचं नाही, नाहीतर वास सुटतो आणि गोठून बसतं. वसंतात खालून खत काढून शेतात. फ्लशचा संडास डिसेंबरात हमखास बंद पडतो.

सौर_मिस्त्री
सोलरवर येतो. थंडीत पॅनेल जास्त व्होल्टेज देतं, आणि इथल्या हिशोबानं जोडणी केलेले कंट्रोलर (पॅनेलमधून बॅटरीत जाणारी वीज सांभाळणारं यंत्र) तिकडं त्यामुळंच जळतात. उदाहरण घ्या: पॅनेलचं उघडं व्होल्टेज (काही न जोडता मोजलेलं) ४९. तीन ओळीत जोडली तर १४७, कंट्रोलरची मर्यादा १५०. इस्लामपुरात चालेल. न्योमात जानेवारीच्या सकाळी उणे २५, म्हणजे पॅनेलचं व्होल्टेज ज्या २५ अंशांना मोजतात त्यापेक्षा ५० अंश खाली. दर अंशाला सुमारे ०.२८ टक्के वाढ, म्हणजे १४ टक्के. १४७ चे झाले १६७. पहिलं ऊन पडलं की कंट्रोलर गेला. दोनच पॅनेल ओळीत घ्या, किंवा २५० व्होल्टचा कंट्रोलर.

बॅटरी: लिथियम शून्याखाली चार्ज करायची नाही, आतून कायमची खराब होते. शिशाची घेतली तर भरलेली ठेवा. भरलेली बॅटरी गोठत नाही, रिकामी उणे दहाच्या आधीच गोठून फुटू शकते. कुठलीही असो, राहत्या घरात, जमिनीपासून वीतभर उंच फळीवर. शिशाची असेल तर ज्या खोलीत झोपता तिथं नको, चार्ज होताना वायू सुटतो.

पॅनेल दक्षिणेला, थंडीत ५० ते ५५ अंश उभं. बर्फही घसरून जातो.

पेट्रोल जनरेटर नेत असाल तर पाटीवरच्या ताकदीतून किमान तिसरा हिस्सा आधीच वजा करा. हवा विरळ, त्यामुळं मिश्रण घट्ट होतं, काळा धूर येतो आणि प्लग काजळतो. उंचीवरचा जेट (कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची बारीक तोटी) बसवून मिळतो तो घ्या, जास्तीचे दोन प्लगही.

गलाई_विटा
गाडी आणि कागदपत्रं.

डिझेल: मैदानातलं डिझेल थंडीत मेणासारखं होतं, फिल्टर चोंदतो. इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये लडाखसाठी हिवाळी डिझेल आणलं, ते उणे ३३ पर्यंत वाहतं. ऑक्टोबरनंतर लेहला पोचताना टाकी जवळपास रिकामी असू द्या, तिथलंच भरा. बीएस-६ गाडी असेल तर युरियाचं पाणी उणे ११ ला गोठतं, कॅन घरात ठेवा. कूलंट निम्मं-निम्मं, नुसतं पाणी अजिबात नको. रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका, गोठून चिकटतो. पहिल्या गिअरमध्ये लावा आणि चाकाला दगड.

नोंदणी: दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त गाडी ठेवायची तर तिथं नव्यानं नोंदणी करावी लागते. सांगली आरटीओकडून फॉर्म २८ वर ना-हरकत, तिकडं फॉर्म २७ चा अर्ज. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं पत्र आधी. दोन वर्षं राहणार म्हणजे हे चुकवता येणार नाही, इथूनच ना-हरकत घेऊन निघा.

मोबाइल: बाहेरच्या राज्याचं प्रीपेड लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. निघण्याच्या महिनाभर आधी बँकेला जोडलेला नंबर पोस्टपेड करून घ्या. नाहीतर लेहला उतरल्यावर ओटीपी येणार नाही आणि पैशाचे सगळे व्यवहार अडकतील. घरात दोन वेगवेगळ्या कंपन्यांची कार्डं ठेवा.

जमिनीचा विचार मनात असेल तर तो सोडा. तिथल्या लोकांना जमीन आणि नोकऱ्या जाण्याची भीती आहे, राज्यघटनेच्या सहाव्या अनुसूचीची (आदिवासी भागांना स्वतःचा कारभार देणारी तरतूद) मागणी त्यातूनच आलीय. सरकारी नोकरीसाठी रहिवासी ठरायला २०१९ च्या ऑक्टोबरअखेरपासून १५ वर्षं मोजतात. भाडेकरार लेखी करा, पाहुण्यासारखं नीट राहा.

अपशिंगे_सुभेदार
सीमेचे चार नियम. पूल, छावणी, धावपट्टी, ताफा यांचे फोटो नाहीत. माहे आणि लोमाच्या पुलावर तर फोन खिशातच. ड्रोन नेऊ नका. सॅटेलाइट फोन परवान्याशिवाय जवळ बाळगणं गुन्हा आहे, कुणी भेट दिला तरी. नियंत्रण रेषेवर कुंपण नाही, दगडही रंगवलेला नाही. गुराख्यांच्या मागं किंवा पक्षी बघत डोंगरापलीकडं जायचं नाही. आधार आणि नेमणुकीच्या पत्राच्या दहा-दहा प्रती गाडीत. गावाच्या प्रमुखाला आणि पोलीस चौकीला पोचल्या आठवड्यात स्वतः जाऊन भेटा.

माणगंगा
सगळ्यांचे आभार. शाळेला डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत सुट्टी असते म्हणे. तेव्हा गावी यावं म्हणतोय.

वाळव्याची_डॉक्टर
या, पण परतीचा आठवडा धरूनच तिकीट काढा. सवय झालेलं शरीर खाली दोन-तीन आठवडे राहिलं की सवय विसरतं. परत जाताना फुप्फुसात पाणी होण्याचा धोका मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त. "मागच्या वेळी काही झालं नाही" यावर जाऊ नका. लेहचा मुक्काम पुन्हा पूर्ण.

आणि सहा-आठ महिन्यांनी तिघांचं हिमोग्लोबिन परत बघा. तिथं ते वाढतंच, पण फार वाढलं तर रक्त घट्ट होतं. पुरुषात २१, बाईत १९ ओलांडलं आणि डोकं जड, कानात आवाज असेल तर खाली उतरून उपचार.

येरळा
खाण्याचं राहिलं. लेहला पाणी ८८ अंशांना उकळतं, न्योमात ८६ च्या आसपास. उघड्या पातेल्यात डाळ शिजतच नाही, कितीही वेळ ठेवा. कुकरसुद्धा आतून इथल्याइतका तापत नाही. इथं १२० पर्यंत जातो, तिथं ११३-११४. म्हणून तूरडाळ दोन तास भिजवा आणि शिट्ट्या दुप्पट धरा. हरभरा, राजमा रात्रभर.

त्यापेक्षा पिठाचे पदार्थ बरे. हुलग्याचं माडगं, पिठलं, मेतकूट, भाजणी. पीठ आधीच भाजलेलं किंवा बारीक, त्यामुळं पटकन शिजतं आणि गॅस वाचतो. हुलग्याचं पीठ पाच किलो, मेतकूट दोन किलो, शेंगदाण्याची चटणी, तासगावचे बेदाणे. ज्वारीचं पीठ नेताना कोरड्या हवेचा विचार करा. तिथं पीठ आणखी कोरडं होतं, भाकरी कडेला चिरते. पाणी कडकडीत उकळून पीठ उकड काढल्यासारखं मळा, परातीवर ओलं फडकं टाकून ठेवा, आणि एका वेळी दोनच भाकरींचं मळा.

गॅसचा सिलेंडर बाहेरच्या खोपीत ठेवू नका. त्यातला ब्युटेन शून्याच्या खाली वायूच होत नाही, टाकी भरलेली असून शेगडी पेटत नाही. घरात, हवेशीर कोपऱ्यात ठेवा. मंद पेटला तर कोमट पाण्याच्या परातीत उभा करा. उकळतं पाणी नाही, जाळ तर नाहीच. दोन भरलेले ऑक्टोबरच्या आधी घरात आणून ठेवा.

माणगंगा
भाजीपाला थंडीत मिळतो का? कोथिंबीर-मेथीचं बी न्यावं का?

माती_आणि_माळ
न्या. घराच्या दक्षिणेला तीन फूट खोल, दहा फूट रुंद चर खणून वर प्लास्टिक टाकतात. जमिनीची ऊब मिळते. लांबी जागेप्रमाणे, तुम्हाला १५ फूट पुरे. पालक, मेथी, कोथिंबीर ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात पेरा. सप्टेंबर-ऑक्टोबरात रोप हातभर झालं पाहिजे, कारण डिसेंबर-जानेवारीत वाढ जवळपास थांबते, फक्त टिकतं. उशिरा पेरलेलं दोन पानांवर अडतं. रात्री प्लास्टिकवर वाकळ किंवा जुनं ताडपत्र, सकाळी दहाला काढायचं. पाणी दुपारी बारा-एकलाच, कोमट करून, मुळाशी.

येरळा
आणि कुकरच्या रिंगा तीन घ्या. थंडीत रबर ताठ होतं, वाफ कडेनं निघते. कुकर लावायच्या आधी रिंग दोन मिनिटं गरम पाण्यात टाकून ठेवत जा.

माणगंगा
लिहून घेतलं. पॅनेलवाल्याला आजच फोन करते, त्यानं तीन एका ओळीत सांगितली होती.